भिंतीतलं दार

चहाची पूड संपली म्हणून हेमलताबाई पिशवी घेऊन निघाल्या, तर दार जागेवर नव्हतं. तिथं नुसती पिस्ता रंगाची भिंत होती. बाल्कनीचं दारही गायब. हात फिरवून पाहिला, फटसुद्धा लागेना.

नव्या घरांच्या भिंतीदारांना रंगाऐवजी हवं ते रूप दाखवणारा दृश्यलेप असे. कशाचा रंग कोणता, कड किती जाड, कडी कुठं, हे शैलीपत्रकातले नियम ठरवत. दार उघडायला बोट ठेवायचं ते त्या रेखाटलेल्या कडीवर.

त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला.

"निनाद, दार कुठंय?"

"आहे तिथंच आहे, आई. फक्त दिसत नाही." तो अडखळला. "परवा तू बसस्टँडवर सापडलीस. मी येईपर्यंत तरी…"

"मला कोंडलंस?"

"काळजी वाटते गं."

त्यांनी फोन ठेवला. एवढ्याशा खोलीत हवाच उरली नाही असं वाटायला लागलं.

मग त्यांनी भिंतीवर शैलीपत्रक उघडलं. वेबपानं सजवायला शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. इथंही रीत तीच. आधी कोणासाठी ते लिहायचं, मग कोणता गुण, मग त्याचं मूल्य. निनादचा नियम समोरच होता: 'बाहेरचं' या वर्गातली, म्हणजे बाहेर उघडणारी सगळी दारं, रंग भिंतीचा, कड शून्य, कडी अदृश्य. तो पुसायची मुभा त्यांना नव्हती, पण नवा नियम जोडता येत होता.

"अख्ख्या वर्गाला नियम लावलास होय रे," त्या पुटपुटल्या. वर्गाच्या नियमापेक्षा एकट्याच्या नावानं लिहिलेला नियम वरचढ ठरतो, हे त्यांनी शेकडो मुलांकडून घोकून घेतलं होतं. त्यांनी घराच्या मुख्य दाराला 'थोरलं' असं नाव दिलं आणि लिहिलं: थोरलं, रंग तांबडा, कड जाड, कडी दृश्य.

भिंतीत तांबडंलाल दार उमटलं. हेमलताबाई हसल्या, कडीवर बोट ठेवून बाहेर पडल्या. मागं दार आपोआप मिटलं.

मजल्यावर चार दारं होती. बाहेरच्या बाजूला सोसायटीचा नियम चाले, त्यामुळं चारही एकसारखी तपकिरी, पाट्याही नाहीत. हातात रिकामी पिशवी होती. ती कशासाठी, ते आठवेना. फोन वाजला.

"आई, दार उघडल्याचा निरोप आला! कुठं आहेस तू?"

त्यांनी एकेका दाराकडं पाहिलं.

"इथंच," त्या म्हणाल्या.

"इथंच म्हणजे कुठं, आई?"