अष्टमीची ओहोटी

रेवगडाच्या दर्या दरवाजावर उजाडले तेव्हा समोरचे कालवबेट भरतीच्या पाण्यात उभे होते, आणि बुरुजावरून अंतोजीपंत वकील खाडीतल्या पाण्याचा अदमास घेत होते. ज्या बेटापायी सरकार आणि फिरंगी दहा वर्षे रक्त सांडत होते, त्याचा निवाडा पंतांनी तहाच्या एका कलमात केला होता : नेमल्या दिवशी, ओहोटीला, सरकारचा माणूस निशाण घेऊन पायांनी दर्याचा तळ न सोडता जिथवर चालत जाईल, तिथवर मुलूख सरकारचा. दिवस अमावास्येचा निघत होता. पंतांनी अशुभ म्हणून सात दिवस अलीकडची अष्टमी धरली, आणि फिरंगी कप्तानाने हसत शिक्का उठवला. घाटावरच्या शहाण्याला दर्या काय ठाऊक!

बेटावरच्या चाळीस कोळीघरांचा म्होरक्या लायजी तांडेल मुजरा करून म्हणाला, "पंत, अमावास्येला आमच्या म्हाताऱ्याबी कोरड्या पायांनी बेटावर जातात. आज भांगाची ओहोटी, पाणी पुरतं उतरत नाही. मधल्या खाडीत दीड पुरुष पाणी राहील."

"मी मुदत मागतो, तांडेल. कप्तानाचे पाय धरतो."

"शिक्का उठलाय. पाय तळावर राहिले म्हंजे झालं ना?"

पाण्याने उचलू नये म्हणून लायजीने जात्याची तळी कमरेला आवळून बांधली.

दुपारी ओहोटी पुरी झाली आणि लायजी निशाण घेऊन खाडीत शिरला. पाणी छातीला आले, गळ्याला आले, मग डोके दिसेनासे झाले आणि नुसते निशाण पाण्यावरून चालू लागले. वीस पावले ते चालले. मग थांबले.

पंतांनी होडी सोडण्यासाठी हात उचलला. शेजारी उभा कप्तान शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, होडी गेली तर चाल मोडली, बेट गेले. निशाण अजून हलेल. आज्ञा करावी."

पलीकडच्या किनाऱ्यावर लायजीची माणसे हात जोडून उभी होती. पंतांचा हात तसाच अधांतरी राहिला, आणि मग खाली आला. निशाण काही पुढे सरकले नाही.

सरहद्द तिथेच आखली गेली. बेट तिथून गोफणीच्या टप्प्यात होते. सांज होण्याआधी चाळीस घरांची चूलभांडी होड्यांत चढली. लायजीच्या बायकोने पंतांकडे वळूनही पाहिले नाही.

अमावास्येच्या पहाटे पंत एकटेच खाली उतरले. खाडी कोरडी पडली होती. वाळूत हातभर खोल रोवलेली निशाणाची काठी, तिच्या बुडाशी तुटल्या दोरासकट जात्याची तळी. पंत तिथे बसून पोटभर रडले. मग उठून कोरड्या पायांनी बेटापर्यंत चालत गेले.

फिरंगी पहारेकऱ्याने भाला आडवा धरला आणि परवाना मागितला.