हुहुईतला आवाज

डिसेंबरातला शनिवार होता. लंडनच्या ईलिंग भागात चार वाजताच अंधारून आलं होतं. क्षितिज भाजी आणायला गेला आणि आश्लेषा लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. काम साधंच होतं. क्षितिजच्या पहिल्या बायकोची, अक्षयाची, रेकॉर्डिंग्ज ऐकून टाइप करायची.

अक्षया भूगोलाची संशोधक. अर्जेंटिनाच्या उत्तरेला हुहुई नावाचा डोंगराळ प्रांत आहे, तिथल्या लोकांवर तिचं पुस्तक व्हायचं होतं. पाच वर्षांपूर्वी तिथल्याच एका घाटात तिची बस दरीत गेली. पुस्तक पुरं करायचं क्षितिजने मनावर घेतलं, तेव्हा "मी टाइप करते" असं आश्लेषाच म्हणाली होती. कशी होती ती, हे एकदा ऐकायचं होतं तिला.

आणि आता ऐकवत नव्हतं. अक्षया सांगत होती... मैलोन्‌मैल पसरलेलं पांढरं मीठ, सात रंगांचे डोंगर, ऑगस्टात जमिनीत खड्डा खणून धरतीला जेवू घालणाऱ्या बायका. मधेच हसायची. "क्षितिज, तू हवा होतास रे इथे!" असा आवाज, की कुणीही उठून तिच्याकडे गेलं असतं. या बाईचं नाव घेताना क्षितिजचा आवाज जसा ओलावायचा, तसा आश्लेषाचं नाव घेताना कधीच नाही.

आठवी फाईल शेवटची. अपघाताच्या आदल्या दिवशीची. आश्लेषाने ती न ऐकताच डिलीट केली. बरं वाटलं तिला, अगदी खरं सांगायचं तर.

क्षितिज आला. "झाल्या सगळ्या?"

"झाल्या. सातच तर होत्या."

"आठ गं. थांब, माझ्या फोनवर आहे." त्याने लावली.

वारा. नुसता घोंघावणारा वारा. मग कुणी म्हातारी स्पॅनिशमध्ये काही पुटपुटली आणि अक्षया बोलू लागली.

"सिसिलियाबाई विचारतायत, तुझ्यामागे ती निळ्या स्वेटरवाली कोण उभी आहे... इथे तर कुणीच नाही."

क्षितिज थबकला. "हे... हे नव्हतं यात. शंभरदा ऐकलंय मी."

त्याची नजर आश्लेषाच्या अंगावरच्या निळ्या स्वेटरवर खिळली होती.

"बंद कर ना..."

तो बंदच करत होता. बोट पुन्हा पुन्हा टेकवत होता.

"त्या म्हणतात, तिला तुझी जागा हवीय." अक्षया हसली. "मग ये म्हणावं. घे."

वारा क्षणभर पडला.

"आले हं..." फोनमधून कुणीतरी हळूच म्हणालं.

आवाज आश्लेषाचा होता. आणि ती तर दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून बसली होती.