बोडीच्या पाळीवरचे चार पट्टे

पहिल्यांदा दिसले तेव्हा ते चौघे रस्त्याच्या कडेला ओळीने बसले होते.

डिसेंबरची सकाळ, पावणेसहा. लाखनीहून दूध संकलन केंद्राकडे जाताना वाटेत एक बोडी लागते, लहानसं तळं. तिथल्या वळणावर धुकं इतकं दाट होतं की स्कूटीचं पुढचं चाक दिसेना. तेवढ्यात हेडलाइटच्या उजेडात चार पिवळे गोल चमकले. जमिनीपासून दीड फुटावर, कुत्र्याच्या गळ्याच्या उंचीवर… पण गळा नव्हता. वर डोकं नाही, खाली पाय नाहीत.

मी ब्रेक दाबला. गोल हलले नाहीत. त्यांच्यामागून एक माणूस उभा राहिला, हातात ओलं फडकं.

"भेव वाटलं का, मॅडम?"

"मले वाटलं, कुत्रे बसून आहेत."

"कुत्रेच आहेत," तो म्हणाला. "फक्त खाली आहेत."

त्याचं नाव कैलाश. चौकात त्याचं रेडियमचं दुकान. नंबरप्लेटी करायच्या, ट्रकच्या मागे उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या. हायवेवर जखमी पडलेली कुत्री तो उचलून आणायचा, बरी करायचा आणि गळ्यात रेडियमचा पट्टा बांधायचा, ट्रकवाल्यांना दिसावीत म्हणून. मेली की बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पुरायची, वर बांबूची खुंटी, खुंटीला त्याच कुत्र्याचा पट्टा. रोज पहाटे तो पट्ट्यांवरचं दव पुसायला यायचा. ओला पट्टा नीट चमकत नाही, म्हणे.

मी केंद्रात दुधाची फॅट काढते. मोजायची सवय आहे. पहिल्या दिवशी तिथे चार मिनिटं थांबले. दहाव्या दिवशी बावीस.

"हा सरपंच," कैलाश खुंटी दाखवत सांगायचा. "रस्त्याच्या मधात बसे. एसटी हॉर्न मारून थके, पण हा उठे नाही. ही बुंदी, लग्नाच्या पंगतीत कढई उलटून भाजली होती. हा पंक्चर, तीन पायाचा. आणि ही चिंगी…" चिंगीपाशी तो थांबायचा. ती जाऊन महिनाच झाला होता.

एकदा थर्मासमधला चहा झाकणात ओतून देत तो म्हणाला, "एक विचारू? तुमी मले भाऊ म्हणनं काहून सोडलं?"

आमच्याकडे दुकानदाराला भाऊच म्हणतात. मी चहाकडे पाहिलं.

"कवा सोडलं?"

"मंगळवारी."

"ध्यान ठेवलं वाटते…"

"मंगळवारपासून झोप नाही लागून राहिली, ध्यान राहीनच ना."

धुक्यात त्याचं हसू नीट दिसलं नाही. झाकण परत देताना बोटं मात्र लागली, गार, दवाने ओली.

त्याच संध्याकाळी मी दुकानात गेले. "माह्या स्कूटीले मागून पट्टी लावून द्या. धुक्यात कोनाले दिसत नाही मी."

"रोल संपला."

त्याच्या पाठीमागे बारा रोल होते. मी मोजले.

"हे कायचे?"

"ट्रकचे."

"म्हंजे मी ट्रक होऊन येऊ का?"

तो हसला नाही. कटर उघडत, मिटत राहिला. मग हळूच म्हणाला, "उर्वशी मॅडम, ज्याले ज्याले या हातानं पट्टा बांधला, तो गेला. चौघंही. माहा जीव जडला का समोरचा राहत नाही. तुमच्या गाडीले मी नाही लावत."

"म्हंजे… जीव जडला?"

कटर मिटल्याचा आवाज तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी खुंट्या रिकाम्या होत्या. कैलाशने चारही पट्टे काढून पत्र्याच्या डब्यात घातले होते, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. किल्ली कमरेला लावून तो अड्याळला बहिणीकडे निघाला होता.

"तीन दिवस जातो. विसरून पाहतो," बसस्टँडवर तो म्हणाला. "तुमीबी दुसऱ्या रस्त्यानं जात जा."

"दुसरा रस्ता चार किलोमीटर लांब आहे."

"जवळचं सगळंच चांगलं नसते, मॅडम."

मॅडम! एवढं होऊनही मॅडम. मी ठरवलं, त्याच रस्त्याने जायचं. दोन दिवस खुंट्यांकडे न बघता गेले.

तिसऱ्या दिवशी धुकं सर्वांत दाट होतं. वळणावर आले आणि उजेडात चार पिवळे गोल चमकले.

या वेळी कडेला नाही. रस्त्यावर, आडवे. एक बरोबर मधोमध, हलायचं नाव नाही. एक थोडा खाली-वर होत होता, तीन पायांवर उभं राहिल्यासारखा. ओल्या केसांचा वास आला. कुठेही भुंकणं नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. मला वाटलं, ते माझ्याकडे बघताहेत… तोंडं नसताना.

मी स्कूटी थांबवली. उतरले आणि चालत गेले. गोल विझले. पुढे बारा पावलांवर, रस्ता अडवून, धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. आस तुटलेला, मागे दिवा नाही, पट्टी नाही, माणूस नाही. पोत्यांमधून बाहेर आलेली लोखंडी सळई माझ्या गळ्याच्या उंचीवर होती.

मी स्कूटी वळवून चौकात आले. दुकानाचं शटर उघडं होतं. कैलाश पहाटेच्या बसने नुकताच अड्याळहून आला होता. मी सगळं सांगितलं, क्रमाने, काही न वगळता. त्याचा चेहरा उतरला.

"डबा कुलपात आहे."

"उघडा."

त्याने कमरेची किल्ली काढली. कुलूप तसंच होतं. कपाट कोरडं, डबा बाहेरून कोरडा. झाकण काढलं. आत चारही पट्टे ओले होते. थेंब धरलेले. चिंगीच्या पट्ट्याला बोडीचा ताजा चिखल.

मग मी विचारलं, "सरपंच कायनं गेला?"

"म्हातारा झाला होता."

"बुंदी?"

"कावीळ."

"पंक्चर?"

"साप चावला."

"चिंगी?"

"पोटात गाठ होती… डॉक्टर म्हने, आधीपासूनच होती."

"रस्त्यावर कोन मेलं?"

त्याने डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. "कोनीच नाही," तो म्हणाला. जणू हे आत्ताच कळत होतं.

"रस्त्यावर मरू नये म्हनूनच पट्टा बांधला होता ना? मग तुमच्या हातानं कोनाचं वाईट केलं? आज तर मलेबी वाचवलं."

त्याने पिवळा रोल उतरवला. ट्रकवर फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस. पण कटर तिरका गेला.

"वाकडी झाली."

"राहू द्या. मले हेच पायजे."

तो स्कूटीमागे गुडघ्यावर बसला, पट्टी चिकटवली, अंगठ्याने दोनदा दाबली. उठला नाही. तिथूनच म्हणाला, "उर्वशी… तुमच्या घरी कोनासंग बोलाव लागते?"

मॅडम गळून पडलं होतं.

"सिहोऱ्याले माहे बाबा आहेत. सेवकराम. कानानं कमी ऐकतात, जोरात सांगा."

"जोरात?"

"गावाले ऐकू गेलं तरी चालते."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला आम्ही पट्टे पुन्हा खुंट्यांना बांधले. त्यानंतरची सकाळही तशीच धुक्याची. गवताच्या प्रत्येक पात्यावर दव होतं, माझ्या केसांवर होतं, कैलाशच्या मिशीवर होतं. तो फडकं घेऊन सरपंचापाशी वाकला आणि तसाच थांबला.

"काय झालं?"

"इकडे या."

मी बोट फिरवलं. सरपंच, बुंदी, पंक्चर, चिंगी. चारही पट्टे कोरडे. थोडे कोमट. कोणी नुकतेच चाटून पुसून ठेवल्यासारखे.

कैलाशने फडकं खिशात कोंबलं. हात रिकामा झाला, तो त्याने माझ्या हातात दिला.