त्याच्या फोनवरच्या जाहिराती

"पाऊस असा नाही पकडत हो."

ती दचकली. गोदामाच्या पत्र्याखाली आपण एकट्याच आहोत असा तिचा समज होता. हात लांब करून, मोबाइल पत्र्याच्या कडेला धरून, श्वाससुद्धा बेताने घेत ती उभी होती… आणि हा कोण मधेच उपटला? अंगात भिजका शर्ट, गळ्यात भलेमोठे हेडफोन, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला…

"ते मांजर आहे का?" तिने विचारलं.

"माइक आहे. वारा लागू नये म्हणून केसाळ कोट घातलाय त्याला." तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "तुमचा फोन मात्र उघडाबोडका. त्यात हा पाऊस मोहरी तडतडल्यासारखा येणार."

"येऊ दे. आता त्या मोहरीत तुमचं भाषणही आलंय."

"मग पुसून टाका ना."

"टाकतेच!" आणि तिने त्याच्यासमोर, ठसक्यात, पुसून टाकलं.

त्याला हसू आलं. त्याने गळ्यातले हेडफोन काढले आणि तिच्या कानांवर ठेवले — अलगद, केससुद्धा विस्कटू न देता. आणि तिला पाऊस ऐकू आला. पत्र्यावरचा वेगळा, पन्हाळीतला वेगळा, ताडपत्रीच्या खोलगटात थेंब थेंब पडणारा आणखी वेगळा… आजवर हे सगळं ती एकाच नावाने ओळखत होती! तिने वर पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते.

"काय म्हणालात?" हेडफोन उचलत तिने विचारलं.

"म्हटलं, या पावसाचं करणार काय?"

"विकणार," ती म्हणाली.

खरं तर ती तो फुकटच वाटणार होती. ज्यांना झोप लागत नाही अशांसाठी तिची एक वेबसाइट होती. त्यावर नुसते आवाज. सुरुवात झाली ती आईपासून. बाबा गेले आणि पाठोपाठ त्यांचा खडखडणारा टेबलफॅनही जळाला. आईला त्या खडखडीशिवाय डोळ्याला डोळा लागेना. एका जुन्या व्हिडिओत मागे तो पंखा वाजत होता. तिने तेवढा आवाज कापून घेतला, जोडून जोडून लांब केला आणि आईला फोनवर सहज लावता यावा म्हणून इंटरनेटवर टाकला. आई झोपली. आणि मग कुठकुठली अनोळखी माणसंही त्या पंख्याखाली झोपायला येऊ लागली.

तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने तिला जाहिरातींच्या नेटवर्कची वाट दाखवली. ते लोक कोडच्या चार ओळी देतात, आपण त्या आपल्या पानावर चिकटवायच्या. पुढे कुणाला कुठली जाहिरात दाखवायची ते त्यांचं ते ठरवतात. कुणी नुसती पाहिली तर चिमूटभर, कुणी तीवर बोट ठेवलं तर मूठभर, आणि साठून त्यांच्या मर्यादेपर्यंत आलं की पैसे बँकेत. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः मात्र बोट ठेवायचं नाही, नाहीतर घरचा रस्ता.

"म्हणजे बाबांचा पंखा आता कमावता झाला म्हण की," दादा म्हणाला होता. "असताना तर नुसतं लाइटबिल वाढवायचा."

आई हसली नव्हती. आईसारखंच तिलाही तेव्हापासून त्या पैशांना हात लावताना कुठेतरी टोचायचं. पण नोकरीचा पगार महिनाअखेरीला कसाबसा पुरे, आणि टोचण्याने बिल भरत नाही.

पत्र्याखाली भेटलेला तो एका स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होता. मालिकांना दारं, पावलं, वारा, पाऊस पुरवायचा. त्या दिवसानंतर तो तिलाही पुरवू लागला. बोटीच्या इंजिनाची घरघर, लाकडाच्या वखारीतली दुपार, रिकाम्या जिन्यातली शांतता… हो, शांतता! "ती काय ऐकायची?" असं ती म्हणाली तेव्हा त्याने तिला ऐकवली, आणि तिने ती लगेच मागून घेतली. लोक पानावर जास्त वेळ थांबू लागले. जाहिरातींच्या पैशांत लाइटबिल निघू लागलं, मग आईची औषधंही. तिने वाटा देऊ केला तर म्हणाला, "चहा पाज. वाट्याने माणसं भांडतात."

स्टुडिओमागच्या बाकावर दोघांचा चहा व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"गवई म्हणून जन्माला आला नाहीस, पण कानसेन आहेस खरा," ती एकदा म्हणाली आणि तेच नाव पडलं. तो तिला 'झोपवाली' म्हणायचा, चारचौघांत मुद्दाम मोठ्याने, म्हणजे तिने लाजून इकडेतिकडे बघावं.

"ए झोपवाली, तुझ्या पानावर मला सारखे बूट का दिसतात गं?"

"तू बूट बघत फिरला असशील. जाहिराती ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. आईला गुडघ्याचं तेल दिसतं, दादाला गाड्या. मला उशा."

"म्हणजे तुझ्या पानाला माझ्या मनातलं कळतं?"

"मनातलं नाही. तू शोधलेलं."

"मग मी तुलाच शोधत बसलो तर?"

बोलताना तो तिच्या ओठांकडे बघत होता. हल्ली नेहमीच बघायचा. घरी आल्यावरही ती नजर तिला ओठांवर जाणवायची, आणि आई विचारायची, "काय गं, आपल्याआपणच हसतेस?"

पण पुढे काहीतरी बिनसलं. तो फोन उचलेनासा झाला. नुसते मेसेज, तेही तुटक. नवे आवाज बंद झाले, जुन्यातलेच काहीतरी काढून देऊ लागला. बाकावर ती एका बाजूला बसली की उठून दुसऱ्या बाजूला यायचा. कधी तिच्या प्रश्नाचं उत्तर भलतंच द्यायचा, कधी द्यायचाच नाही. मन चिंती ते वैरी न चिंती… दुसरी कुणी असेल का? असेल तर कशी असेल? उंच असेल… तिने मनात त्या मुलीला केससुद्धा लांब दिले.

त्यातच ती शिट्टी आली. बऱ्याच दिवसांनी त्याने ओढ्याचं एक रेकॉर्डिंग दिलं. तिने ते साइटवर टाकलं मात्र, लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या: पाण्यामागे एक बारीक शिट्टी वाजतेय, झोप कसली, डोकं उठतंय. तिने हेडफोन लावून ऐकलं. खरंच होती, सुईसारखी बारीक.

"कानसेन!" दुसऱ्या दिवशी ती हसत म्हणाली. "एवढी मोठी शिट्टी तुमच्या हातून सुटली? कान कुठे गहाण टाकले होते?"

त्याचा चेहरा उतरला. "कुठली शिट्टी?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने ऐकलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा. मग हेडफोन बाकावर टाकून उठला. "आवडत नसेल तर काढून टाक. मी काय तुझा नोकर आहे?"

तो असा कधी बोलला नव्हता. ती रिकाम्या बाकावर बराच वेळ बसून राहिली, आणि चहाचे दोन्ही कप तसेच निवले.

दोन-तीन दिवसांनी तो आपणहून आला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. विषय बदलावा म्हणून तिने सांगितलं, "पानाची मांडणी बदललीय. तुझ्या फोनवर नीट दिसतंय का बघू." त्याने खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. "तूच बघ. मी चहा आणतो."

तिने पान उघडलं. मांडणी नीट होती. वरची जाहिरात: श्रवणयंत्रं, सोप्या हप्त्यांत. मधली: कानात सतत शिट्टी वाजते? आमच्या तज्ज्ञांना भेटा. त्याखाली हातांचं चित्र: हातांची भाषा शिका, घरबसल्या. आणि तळाशी एक ट्रक: घरसामान हलवायचंय?

आधी तिला हसूच आलं. आवाजांची साइट म्हणून नेटवर्कने सरळ कानांच्या जाहिराती लावल्या की काय! तिने आपल्या फोनवर तेच पान उघडलं. उशी. गादी. उशी.

मग तिचं हसू मावळलं.

शिट्टी त्याच्या हातून सुटली नव्हती, त्याला ती ऐकूच आली नव्हती. फोन नकोसा झाला होता तो तिचा नव्हे, फोनच. बाकावर जागा बदलायचा तो कुठला तरी एक कान वाचवत. आणि ते ओठांकडे बघणं… देवा, त्यावर ती घरी येऊन हसत होती!

चहावाल्याकडे तो सुट्टे पैसे मोजताना दिसत होता. चहावाला काहीतरी विचारत होता आणि हा पुढे वाकून त्याच्या तोंडाकडे बघत होता. तिने पान घाईघाईने मिटलं. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं तिला झालं होतं. त्याहून वाईट म्हणजे, त्या जाहिराती तिच्याच पानावर होत्या. तो त्या प्रत्येक वेळी बघत असणार, आणि तो बघत असणार तेव्हा प्रत्येक वेळी तिच्या खात्यात चिमूटभर काहीतरी पडत असणार. आधी बाबांच्या पंख्याचे. आता याच्या कानांचे.

"नीट दिसतंय?" त्याने चहा पुढे करत विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली. त्याच्या तोंडून येत नाही तोवर तिला ते उच्चारता येईना.

घरी आई म्हणाली, "किती हाका मारल्या, कान आहेत की भोकं?" दादा म्हणाला, "कानाला खडा लाव बाई, त्या स्टुडिओवाल्याचा नाद सोड." एरवी ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणारी. त्या दिवशी मात्र भडकली. "कान, कान, कान! दुसरं काही बोलता येत नाही का या घरात कुणाला?"

मग ती शोधत बसली. कानाची नस सुकते म्हणजे काय, यंत्राने किती ऐकू येतं, हातांच्या भाषेत चहाला काय म्हणतात, पावसाला काय म्हणतात. जेवण निवलं तरी तिचं शोधणं चालूच होतं. पुढचे सगळे दिवस ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीतही तेच.

त्यानंतर तो भेटला तेव्हा आभाळ गच्च भरलेलं होतं. त्याने एक छोटी हार्ड डिस्क तिच्या हातात ठेवली.

"सगळे आवाज आहेत. तुझी साइट पुष्कळ वर्षं चालेल."

"आणि तू?"

"ताईकडे जातोय. भाऊजींचं टाइल्सचं दुकान आहे. त्यांना हिशेबाला माणूस हवाय."

"परत कधी येणार?"

त्याने वर आभाळाकडे पाहिलं. ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, तिला कळेना. तिने डिस्क बाजूला ठेवली आणि आपला फोन त्याच्या हातात दिला. "जायच्या आधी एक काम कर. माझ्या फोनवर पान नीट दिसतंय का सांग."

त्याने पाहिलं. बोट खाली सरकलं, थांबलं, पुन्हा वर गेलं. उशी कुठेच नव्हती. श्रवणयंत्रं होती. हातांची भाषा होती, तीही दोन ठिकाणी.

"हे… तुला का दिसतंय?"

"मी शोधलं म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"तू चहा आणायला गेलास तेव्हा."

त्याने फोन तिला परत दिला. मग म्हणाला, "किती मिळाले?"

"काय?"

"माझ्या कानांचे."

तिचे डोळे भरून आले. "एका चहाचेसुद्धा नाहीत रे."

"छे! मग बहिरं होण्यात फायदा काय!" तो हसला, आणि ते हसणं अर्ध्यावरच मोडलं. "डावा गेलाच. उजवाही जाणार म्हणतात, कधी ते सांगता येत नाही. यंत्र लावून बोलणं कळेल काही काळ. पण पाऊस… पाऊस नाही कळणार. तू मला कानसेन म्हणायचीस. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"याच तोंडाने. जसं आत्ता सांगितलंस."

"बोलायला सोपं आहे. उद्या तू हाक मारशील आणि मी वळणार नाही. एकदा चालवून घेशील, दोनदा घेशील. मग राग येईल. मग दया येईल. ती तर मला मुळीच नको."

"हाक कशाला मारू?" ती म्हणाली. "समोर येऊन उभी राहीन."

त्याने मान फिरवली. रस्त्यावरून एक ट्रक घरघरत गेला. त्याला त्यातलं किती ऐकू आलं असेल? ती उठली आणि खरोखरच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आणि ओठांकडे बघायचास ते…"

"ते नंतर गरजेचं झालं," तो खाली बघत पुटपुटला. "आधी उगाचच बघायचो."

रडता रडता तिला हसू फुटलं. "ताईला कळव, हिशेबाला दुसरा माणूस बघा म्हणावं."

"आणि इथे मी काय करू?"

"ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण माझं तुझ्यावर प्रेम आहे."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग त्याने हळूच डोळे मिटले आणि उजवा कान तिच्याकडे केला.

"पुन्हा म्हण."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं," डोळे न उघडता तो म्हणाला. "अजून येतंय. म्हणून म्हण."