दुसरा साक्षीदार

अलेघेनीच्या डोंगररांगांमागून सूर्य वर आला खरा, पण फोर्ट ड्रेवरच्या लाकडी तटाला त्याची ऊब अशी लागलीच नाही. रात्रभरच्या पावसाने बुरूज काळे पडले होते, निशाण काठीला चिकटून ओले लोंबत होते, आणि तटाच्या पायथ्याशी, घोड्यांच्या लिदीच्या राड्यात, अठरा कैदी एकमेकांना दोरखंडाने जखडून उकिडवे बसवले होते. त्यांच्यावरून नजर फिरवून कॅप्टन एझ्रा ट्रॅस्कने मान वळवली. त्याने स्वातंत्र्ययुद्धातली सारातोगाची लढाई पाहिली होती, प्रेतांच्या राशींतून वाट काढली होती, पण अशी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

सन सतराशे चौऱ्याण्णव. नव्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या अध्यक्षांची दुसरी कारकीर्द चालू होती. सरकारने गाळीव दारूवर कर बसवला, डोंगरापलीकडच्या शेतकऱ्यांनी तो धुडकावला, जुलैत जमावाने वसुली अधिकाऱ्याची हवेली जाळली, आणि हे बंड मोडायला तेरा हजारांची फौज तोफा ओढत डोंगर चढून आली. आली, पण बंड होते कुठे? खरे म्होरके केव्हाच नदीवाटे पसार झाले होते. एवढा लवाजमा रिकाम्या हाताने परतला तर राजधानीत शोभा होणार, म्हणून पहाटे घरोघर शिरून, अंथरुणातून खेचून, जो सापडेल तो धरून आणला होता.

त्या अठरांत डंकन गिलरॉय होता. वय सत्तरीच्या घरातले. स्वातंत्र्ययुद्धात डाव्या हाताची दोन बोटे देऊन बसलेला.

हा म्हातारा हकनाक अडकला त्याचे कारण ट्रॅस्कला ठाऊक होते. सरकारने सप्टेंबरात एक दिवस नेमून दिला होता. त्या दिवशी जो शरणपत्रावर सही करील त्याला सर्व गुन्हे माफ. ज्यांनी पलिते नाचवले होते ते सकाळीच रांग लावून सह्या ठोकून आले. गिलरॉयसारखे सरळ लोक मात्र घरी बसले. 'मी काही केलेच नाही, तर माफी कसली मागू? सही केली म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखेच,' असा त्यांचा हिशेब. म्हणजे चोर सुटले आणि साव दोरखंडात आले!

"कॅप्टन, आपल्याला कर्नलसाहेबांनी याद केलं आहे," पहारेकरी म्हणाला.

कर्नल बेव्हरिज न्याहारीला बसले होते. त्यांच्या उजव्या हाताला, हनुवटीवर डुकराच्या मांसाची चरबी ओघळवत, सायलस प्रूएट बसला होता. ट्रॅस्क दारातच थबकला. जुलैत त्या हवेलीच्या रक्षणाला अकरा शिपाई घेऊन तो स्वतः तैनात होता, आणि गवताच्या कोठाराला पहिला पलिता लावणारा हाच प्रूएट होता हे त्याने वीस पावलांवरून पाहिले होते. शरणपत्रावर सही करून प्रूएट धुतल्या तांदळासारखा झाला होता, आणि आता सरकारचा साक्षीदार म्हणून सरकारचीच न्याहारी हादडत होता.

"यावं, कॅप्टन," कर्नल प्रसन्नपणे म्हणाले. "मिस्टर प्रूएट यांची जबानी झाली आहे. पलिता गिलरॉयच्या हाती होता. परंतु आपली राज्यघटना मोठी चोखंदळ. राष्ट्रद्रोह शाबित करण्यास एकाच कृत्याचे दोन साक्षीदार लागतात. आपण तेथे हजर होता. ही आपल्या नावची जबानी. खाली सही करावी."

"गिलरॉय तिथे नव्हता, साहेब."

"धूर होता, गर्दी होती. नजरचूक संभवते."

"नजरचूक नाही. पलिता या गृहस्थाच्या हातात होता."

प्रूएटने बोटे चाटली. "मला माफी मिळाली आहे, कॅप्टन. अध्यक्षांच्या नावाची. तिच्यावर बोट ठेवायचा तुम्हाला अधिकार नाही."

कर्नलनी आवाज खाली आणला. "ट्रॅस्क, आपण मेजर होऊ शकता. राजधानीत लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणार आहेत. त्यांना एक तरी फाशी जाणारा माणूस दाखवावा लागेल. सैन्यासमोर ही जबानी वाचा आणि सही करा. हा हुकूम आहे."

ट्रॅस्कने कागद उचलला. मनात होणारी लालसेची हलकीशी चुळबूळ जाणवून त्याला स्वतःचीही किळस आली. मेजर! वीस वर्षे तो त्या शब्दाची वाट पाहत होता.

प्रांगणात पलटणी उभ्या राहिल्या. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ढोल उभा ठेवून त्याचे मेज केले, वर दौत-टाक ठेवला. कैद्यांच्या टोप्यांत 'बंडखोर' असे लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या खोचल्या होत्या. ट्रॅस्कने जबानी खणखणीत आवाजात, एक अक्षर न गाळता वाचली. गिलरॉय मान खाली घालून ऐकत होता.

"हे सर्व," ट्रॅस्क पुढे म्हणाला, "धादांत खोटं आहे! मी त्या हवेलीत होतो. डंकन गिलरॉय तिथे नव्हता. आग सायलस प्रूएटने लावली, आणि तो या घटकेला कर्नलसाहेबांच्या शेजारी उभा आहे." आणि वाकून त्याने जबानीवर आडवी रेघ मारली, खाली हेच चार शब्दांत लिहिले व सही केली.



"त्याची तलवार काढून घ्या!" कर्नल किंचाळले. "बांधा त्याला त्या हरामखोरांबरोबर!"

ट्रॅस्कने तलवार स्वतःच सोडून दिली. त्याच्याही टोपीत चिठ्ठी खोचली गेली, आणि गिलरॉयच्या मागे एकोणिसावा कैदी म्हणून तो राजधानीपर्यंतची तीनशे मैलांची चिखलवाट तुडवू लागला. राजधानी फिलाडेल्फियात घंटा वाजल्या, बायकापोरे खिदळली, कुणी त्यांच्यावर सडकी सफरचंदे फेकली.

पुढल्या वर्षी मे महिन्यात खटला उभा राहिला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात प्रूएट एकटाच चढला. दुसरा साक्षीदार कोण, असे न्यायाधीशांनी तीनदा विचारले. सरकारी वकील कागद चाळत राहिला. गिलरॉय सुटला. ट्रॅस्कही सुटला, पण त्याची कॅप्टनकीची सनद काढून घेतली गेली.

न्यायालयाच्या पायऱ्यांवर प्रूएट दोघांना आडवा आला. अंगावर नवा कोट. जळालेल्या हवेलीच्या तालुक्यात दारूकराचा वसुली अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली होती.

"झालं गेलं विसरून जाऊ, डंकन," म्हणत त्याने हात पुढे केला.

गिलरॉयने तो हात धरला, हलवला, वर मानही लववली. प्रूएट हसत निघून गेला.

ट्रॅस्क थुंकला. "त्या कुत्र्याचा हात धरलात? त्याने तुम्हाला फासावर चढवलं असतं!"

"चढवलं असतं," म्हातारा हळूच म्हणाला. "तुम्ही वाचवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण कॅप्टन, तुम्ही आता आपल्या घरी, न्यू जर्सीला जाल. माझं शेत त्याच्या शेताला लागून आहे."

मग त्याने तोच हात, तीन बोटांचा डावा नव्हे, तर प्रूएटने धरलेला धड उजवा हात, ट्रॅस्कपुढे केला. ट्रॅस्क त्याच्याकडे पाहत राहिला. शेवटी त्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.