पॉइंटवरचं ग्रीस

रुआबांध्याच्या वळणावर फियाट बंद पडली, तेव्हा आम्रपालीने आधी मागे वळून पाहिलं. चार वर्षांची उन्नती झोपलेलीच होती. मग काच किती खाली आहे ते पाहिलं, बाटलीत पाणी किती उरलंय ते पाहिलं, आणि त्यानंतर चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, इंजिनाने काही ऐकलं नाही. मार्चचं ऊन, सावलीचा पत्ता नाही, आणि गाडी आम्रपालीहून सात वर्षांनी मोठी.

"मॅडम, बस करो. बॅटरी भी बैठ जाएगी."

स्कूटर कडेला लावून एक तरुण उभा होता. निळा शर्ट, कोपरापर्यंत वळवलेल्या बाह्या.

"मेरे पिताजी आ रहे हैं," आम्रपाली म्हणाली. येत कोणीच नव्हतं.

"येऊ द्या ना," तो एकदम मराठीत आला. मागच्या काचेवरचं 'जय भीम' त्याने वाचलं असावं. "तोवर बॉनेट उघडून पाहू काय? मी अमरदीप. हथखोजले कारखान्यात फिटर आहो. माझ्या मामाकडे हीच गाडी होती."

त्याने प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आत वाकून पाहिलं आणि... गालातल्या गालात हसला. का, ते सांगितलं नाही. पेट्रोलमध्ये भिजवलेली चिंधी आत फिरवली, पत्र्याची एक पातळ पाती करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन पॉइंटांच्या मध्ये सरकवून बाहेर ओढली, स्क्रू आवळला.

"आता मारा."

गाडी एका झटक्यात सुरू झाली. उन्नती डोळे चोळत उठली आणि त्या अनोळखी माणसाला म्हणाली, "तुमच्या नाकाले काळं लागलं."

"मॅडमनं सांगितलं नाही," तो नाक पुसत म्हणाला. नाक आणखी काळं झालं.

आम्रपालीला हसू आलं. तिने ते आरशात गाडीमागचा रस्ता पाहण्यात घालवलं.

रस्त्यात पुन्हा बंद पडली तर, म्हणून तो रिसालीच्या घरापर्यंत मागोमाग आला. फाटकाशी तिचे वडील उभे होते. भय्याजी खोब्रागडे, स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून चौतीस वर्षांनी निवृत्त झालेले.

"काय झालं होतं गाडीले?"

अमरदीपने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. नखांत ताजं ग्रीस होतं.

"कंडेन्सर ढिला होता, काकाजी."

"मले वाटलंच होतं," भय्याजी खूश झाले. "चहा घेऊन जा."

पुढच्या रविवारी गाडी पुन्हा सुरू झाली नाही. त्याच्या पुढच्याही. भय्याजी फोन करायचे, अमरदीप यायचा. कधी प्लग असायचा, कधी कार्ब्युरेटरमध्ये कचरा. पंधरा मिनिटांचं काम, मग दीड तास चहा. उन्नती त्याला पाना आणून द्यायची, नेहमी चुकीचा, आणि तो तोच पाना घेऊन काहीतरी केल्यासारखं करायचा. आम्रपाली स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राही. लेक बॅटरीला हात तर लावत नाही ना... एवढंच पाहायचं असं तिने स्वतःला बजावलं होतं. तरी तो हसताना आधी मान खाली घालतो, हे तिला पाठ झालं.

"तुमच्या घरी रविवारी कोणी वाट पाहत नाही काय?" एकदा कप देताना तिने विचारलं.

"आई पाहते. विचारते, त्या गाडीत असं आहे तरी काय?"

"मग काय सांगता?"

"सांगतो... गाडी जुनी आहे, स्वभावानं कडक आहे. पण एकदा का चालली—"

"चहा थंड होऊन राहिला," ती म्हणाली आणि आत गेली. आत कामच नव्हतं काही.

चौथ्या रविवारी ती बाहेर आली, ते नेमकं कॅप उघडल्यावर. अमरदीप चिंधी फिरवत होता. चिंधीवर पिवळसर ग्रीसचा लपका होता, नवा कोरा.

तिला उलगडा झाला. मिलमध्ये फिरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ग्रीस लागायचं, रोलला, बेअरिंगला, साखळीला. चौतीस वर्षं तिथे राबलेला बाबांचा हात दर शनिवारी संध्याकाळी डबी घेऊन बॉनेटखाली जायचा आणि पॉइंटांनाही मायेने ग्रीस चोपडायचा. पॉइंटांची तोंडं मात्र कोरडी, स्वच्छ हवीत. ग्रीस बसलं की करंट अडतो.

"हे पहिल्या दिवशीच तुम्हाले माहीत होतं?"

अमरदीपचा हात थांबला.

"हो."

"अन् बाबाले कंडेन्सर सांगितला. मग प्लग. मग कचरा."

"काकाजीले वाईट वाटलं असतं. एवढ्या वर्षांचा अनुभवी माणूस... म्हटलं, उगाच काहून दुखवायचं?"

"की दर रविवारी यायले मिळते म्हणून?"

तो मान खाली घालून म्हणाला, "अर्धं तेही खरं आहे."

आठवडाभरापूर्वी हे वाक्य तिला गोड वाटलं असतं. आता तिला दुसरंच काही आठवलं. नरेश, तिचा आधीचा नवरा, नोकरी गेल्यावर वर्षभर रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होता. शेजारणीकडून कळलं तेव्हा तोही असाच शांतपणे म्हणाला होता, तुले टेन्शन नको म्हणून. त्यानंतर एकेक करून इतकं काही बाहेर आलं, की घटस्फोटाच्या कागदावर सही करताना तिला हलकं वाटलं होतं.

"माझा नवरा असंच करायचा," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "माणूस दुखू नये म्हणून खोटं. मले असा चांगुलपणा नको, अमरदीपजी. मले एक पोरगी आहे. आमच्यापासून कोण काय झाकून राहिलं, याचा पहारा मी जन्मभर नाही देऊ शकत."

"आज सांगू काय त्यांना?"

"मी पकडल्यावर सांगण्यात काय आहे?"

तो चहा न घेता गेला. उन्नती पाना हातात धरून फाटकाशी उभी राहिली. भय्याजी म्हणाले, "पोट्टा काहून पळाला?" आम्रपालीने काम असेल म्हणून सांगितलं. ग्रीसचं तिनेही सांगितलं नाही. परवा भीमजयंती होती, आणि बाबा आतापासूनच मिरवणुकीसाठी गाडी पुसायला लागले होते. रात्री उन्नतीला थोपटताना ते तिचं तिलाच टोचत राहिलं.

रिसालीच्या मिरवणुकीत बावीस वर्षं भय्याजींची फियाट सगळ्यांत पुढे असायची. टपावर बाबासाहेबांची तसबीर, झेंडूच्या माळा, निळे झेंडे. मिरवणुकीसाठी म्हणून भय्याजी आदल्या संध्याकाळीही ग्रीसची डबी घेऊन बॉनेटखाली गेले होते. चौदा एप्रिलला सकाळी सगळं सजलं. ढोल लागले, पांढऱ्या साड्यांतल्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. भय्याजींनी चावी मारली.

घर्र... घर्र...

पुन्हा मारली. मंडळाचा एक कार्यकर्ता खिडकीशी आला. "भय्याजी, तसबीर टेम्पोवर चढवू काय? पोट्टे उन्हात उभे आहेत."

भय्याजींनी आणखी एकदा चावी फिरवली. तेवढ्यात गर्दीतून अमरदीप पुढे आला. पांढरा शर्ट, नाक स्वच्छ. त्याने आम्रपालीकडे पाहिलं नाही.

"अरे, ये! पाह बरं," भय्याजींच्या जिवात जीव आला. "कंडेन्सरच असंन."

लोक बघत होते. कंडेन्सर म्हणून भागलं असतं, कोणाला कळलंही नसतं.

"नाही काकाजी," अमरदीप खिडकीशी वाकून म्हणाला. आवाज फक्त गाडीजवळच्यांना पोचेल एवढाच. "कंडेन्सर कधीच खराब नव्हता. पॉइंटवर ग्रीस असते. ते तुम्हीच लावता. मी दर वेळेस पुसलं अन् तुमच्याशी खोटं बोललो."

भय्याजींनी चावीवरून हात काढला. ढोलवाले थांबले होते.

"मी लावतो? मग पयल्या दिवशी तोंडात काय होतं तुह्या?"

"वाटलं, तुम्हाले वाईट वाटन."

"वाईट वाटन!" भय्याजी दार उघडून उतरले. "मिलमध्ये साठ जणांसमोर फोरमनच्या शिव्या खाल्ल्या मी, अन् काम शिकलो. चार रविवार मले येडा बनवलं, त्याचं वाईट वाटलं. चाल, दाखव. कुठं लावायचं, कुठं नाही."

दोघं बॉनेटखाली वाकले. अमरदीपने चिंधी भय्याजींच्याच हातात दिली. "हा मधला दांडा, कॅम, फिरते, याले मोहरीएवढं. या दोन तोंडांना काहीच नाही." पाती भय्याजींनी सरकवली. फट नीट बसेपर्यंत दोनदा चुकले, तिसऱ्यांदा स्क्रू आवळला.

"आम्रपाली, मार वं चावी."

तिने त्यांच्या जागी बसून मारली. इंजिन धडधडलं, माळा हलल्या, ढोल सुरू झाले, आणि जयघोषात कोणाला काही ऐकू येईना.

अमरदीप खिडकीशी आला. "मी उशिरा सांगितलं," तो म्हणाला. "तुम्ही बोलल्यावर सांगितलं, हेही खरं आहे. अजून एक आहे, पण ते..."

"ते मले नका सांगू आधी," आम्रपाली म्हणाली. नजर तिने हलवली नाही. "बाबाले सांगा. सरळ."

भय्याजी हात पुसत येत होते. अमरदीप त्यांच्याकडे वळला.

"काकाजी, या रविवारी मी गाडीसाठी नाही येणार."

"मंग कायच्यासाठी?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने जराही मदत केली नाही.

"आम्रपालीसाठी. अन् उन्नतीसाठी. त्या हो म्हणतील तर."

भय्याजींनी लेकीचं तोंड पाहिलं. तिथे 'नाही' नव्हतं. त्यांनी चिंधीची नीट घडी घालून खिशात ठेवली.

"तिनंच ठरवावं," ते अमरदीपला म्हणाले. "पण आता तू मांगं बस. सारी रिसाली खोळंबली आहे."

आम्रपाली स्टिअरिंग सोडून खाली उतरली. मागचं दार उघडून ती आत बसली, तिथे बसलेल्या उन्नतीला तिने उचलून मांडीवर घेतलं आणि सरकून एका माणसाची जागा केली.