पोर्चवरचा पहारा

तुम्हाला पटो न पटो, मी बघितलं तेच लिहितेय. मी सुजाता. लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, आणि आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना पाठ आहेत. भूत हा शब्द जरी काढला तरी माझे सासरे चिडून उठून जायचे.

तरीही हे झालं.

१ जानेवारी १९९६. पिस्कॅटवे, न्यू जर्सी. संध्याकाळच होती, पण बाहेर पार काळोख.

सासरे, म्हणजे धर्मराज बाबा, नागपूरहून आमच्याकडे राहायला आले होते. महार रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. पायाला गोळी लागलेली, म्हणून डावं पाऊल बाहेर टाकून चालायचे. इथे त्यांना करमेना. मग थंडी पडायच्या आधीच मागच्या अंगणात मेथीचा वाफा खणायला घेतला.

त्यात एक बटण सापडलं. काळपट, वर कसलासा नंबर.

शेजारची लॉरेन बघून म्हणाली, ब्रिटिश शिपायाचं दिसतंय. अमेरिका इंग्रजांशी लढली तेव्हा त्यांची फौज या भागात हिवाळाभर होती म्हणे. बरेच जण इथेच मेले.

बाबांनी ते बटण घासूनपुसून जपून ठेवलं.

एक जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावच्या लढाईतल्या शिपायांना मानवंदना देतो. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती, वंदना, मग सॅल्यूट. आणि शेवटी बाबांची स्वतःची एक पद्धत होती. हजेरी. आमचा एक पूर्वज कंपनी सरकारच्या फौजेत होता. बाबा त्याचं नाव पुकारायचे, "धोंडनाक..." आणि आम्ही सगळे त्याच्या वतीने म्हणायचो, "हाजिर."

त्या वर्षी बाबांनी टेबलावर ते बटणही ठेवलं.

माझा नवरा विवेक म्हणाला, "बाबा, हा गोरा सोजीर. त्याचा आपल्याशी काय संबंध?"

"धोंडनाकही गोऱ्यांच्याच फौजेत होता ना? शिपाई तो शिपाई. एवढ्या लांब येऊन मेला बिचारा. कुणी हाक तरी मारली असेल का त्याला?"

नाव कुणाला माहीत होतं? बाबांनी बटणावरचा नंबरच पुकारला. इंग्रजीत, परेडच्या आवाजात.

त्याच्या वतीने कोण बोलणार?

आणि पुढच्या दाराबाहेर... ठक.

लाकडी पोर्चवर काहीतरी जड टेकवल्यासारखं.

विवेकने दार उघडलं. कुणीच नाही.

"थंडीत लाकूड आकसतं," तो म्हणाला. मीही मान हलवली. बाबा मात्र दाराकडेच बघत राहिले. बंदुकीचा दस्ता जमिनीवर टेकल्याचा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता.

मग रोज अंधार पडला की...

ठक.

लॉरेनचा कुत्रा आमच्या दारी यायचा बंद झाला.

त्याच आठवड्याच्या शेवटी तो मोठा ब्लिझार्ड आला. तेव्हा जर्सीत होते त्यांना आठवत असेल. सकाळी बघते तर पोर्चवर गुडघाभर बर्फ. फक्त दाराशेजारी दोन जागा कोरड्या.

दोन पावलं. टाचा जुळलेल्या, चवडे फाकलेले, तोंड रस्त्याकडे. येणाऱ्याजाणाऱ्याची एकही खूण नाही. वरून बर्फ पडतच होता, पण तिथे टिकत नव्हता.

मी बाबांना हाक मारली.

बाबा पुढे झाले, परेड सोडतात तसं खणखणीत आवाजात "विसर्जन" म्हणाले आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आम्ही परत डोकावलो.

पावलं तशीच.

"पहाऱ्यावर आहे," बाबा म्हणाले. "मी हजेरी घेतली, तो हजर झाला. आता बदलीचा शिपाई आल्याशिवाय जागा सोडणार नाही."

"बाबा, तुम्हीच म्हणता ना भूतबित काही नसतं?"

"भूत कुठे म्हणतोय मी? शिपाई आहे तो. मी बोलावलाय, मीच सोडवीन."

मला वाटलं, बोलून मोकळे झाले.

दुपारी मी खिचडी टाकली होती. विवेक घरामागे गाडीवरचा बर्फ काढत होता. मध्येच लक्षात आलं, बाबांचा नेहमीचा खोकला ऐकू येत नाहीये. घर अगदी गप्प...

पुढचं दार सताड उघडं होतं.

बाबा पोर्चवर. अंगात ब्लेझर, छातीवर मेडल्स, डोक्याला टोपी. आत स्वेटरसुद्धा नाही. त्या पावलांसमोर उभं राहून त्यांनी सॅल्यूट ठोकला, हलकेच काहीतरी म्हणाले, आणि वळून बरोबर त्याच जागेवर उभे राहिले.

आणि मी ऐकलं. पायऱ्यांवरून कुणीतरी उतरलं. बर्फात बूट चरचरत... रस्त्याकडे लांब लांब गेले.

दिसलं कुणीच नाही. बर्फावर ठसाही नाही.

"बाबा, आत चला."

"आता मी आहे इथे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी विवेकला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी त्यांना ओढून आत आणलं. न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये त्यांचं एकच चाललं होतं, "विवेक, बदली आली का रे?"

विवेक म्हणायचा, "येईल, बाबा."

महिना संपायच्या आत बाबा गेले. आपण "येईल" म्हणालो, हे विवेकच्या मनातून अजून गेलेलं नाही.

ते भाड्याचं घर आम्ही सोडलं. व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला आलो. मला वाटलं, सुटलो.

तिथला पहिला बर्फ पडला. दार उघडलं, तर पोर्चवर दोन कोरडी पावलं. टाचा जुळलेल्या.

डावं पाऊल जरा जास्तच बाहेर.

विवेक माझ्या मागे उभा होता. मग साधंच बोलला, "किती थंडी वाजत असेल गं त्यांना."

तेव्हा मी जी घाबरले, ती आजपर्यंत.

बर्फ पडला की मी त्याच्याआधी उठते आणि खराट्याने सगळा पोर्च झाडून काढते. बर्फच नसला की पावलं दिसत नाहीत. बाबांवर माझा फार जीव होता हो. झाडताना रडू येतं. पण मला नवरा घरात हवाय.

यंदा आत्तापर्यंत बर्फ पडलाच नव्हता. गेल्या आठवड्यात विवेकने बाबांचा ब्लेझर ड्रायक्लीनिंगला दिला. का, विचारलं तर म्हणाला, "असंच. कपाटात पडून वास येत होता."

काल तो घेऊनही आला. कपाटात ठेवला नाही. दाराशेजारच्या खुंटीला लावलाय. मेडल्स परत जागच्या जागी टाचलीत.

टीव्हीवर उद्याचा बर्फ सांगितलाय.

मी खराटा शोधतेय, आणि तो जागेवर नाहीये.